झाड वांझ ठरवण्याआधी दोन दिवस त्याच्याखाली बसा: बटर फ्रूट, दालचिनी आणि पिसा यांच्या फुलांचं घड्याळ

सातारा जिल्ह्यातल्या मोरगिरीच्या वरच्या अंगाला आमच्या घरामागे बटर फ्रूटचं, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोचं, एक झाड आहे. मेहुण्याने मडिकेरीहून आणलेल्या फळाची बी परसात टोचली होती. सातव्या वर्षी झाड मोहरलं, आणि असं मोहरलं की पानं झाकून गेली. फळ एकही नाही. पुढची तीन वर्षं तीच तऱ्हा. शेजारचे आबा दर फाल्गुनात बांधावर थांबायचे आणि एकच वाक्य टाकून पुढे जायचे, "आवं, वांज हाय ते. तोडा आन् आंबा लावा."

तोडलं नाही यात माझं शहाणपण काही नाही, कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता. त्या उन्हाळ्यात वही घेऊन झाडाखाली बसलो तेव्हा कळलं की झाड धडधाकट आहे. फक्त त्याच्या फुलांची मादी व्हायची वेळ आणि नर व्हायची वेळ एकमेकींना भेटत नाही, आणि ती वेळ साधणारं दुसरं झाड आसपास नाही. ही वेळ कशी वाचायची, ते इथे लिहितो आहे.

पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. सीताफळाचं एकच फूल आधी मादी आणि नंतर नर होतं, हे हाताने परागीकरण करणाऱ्या सीताफळवाल्यांना ठाऊक असतं. दालचिनी, तमालपत्र, कापूर आणि बटर फ्रूट यांच्या कुळात, ज्याला लॉरेसी म्हणतात, या दोन्ही तऱ्हा सापडतात. आपल्या डोंगरातला पिसा आणि मैदा लकडी पपईच्या वाटेने जातात: झाड एक तर नर, नाही तर मादी. बटर फ्रूट आणि दालचिनी सीताफळासारखी वेळेची विभागणी करतात, पण सीताफळापेक्षा कितीतरी काटेकोर. म्हणून पहिलं काम, आपलं झाड कोणत्या वाटेचं आहे ते ओळखणं. त्यासाठी फूल फोडून बघावं लागतं.

सामान

सोनाराकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग, जाड वही, चार रंगांची लोकर, मलमलीच्या दहा-बारा पिशव्या आणि दिवसाचं कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर. एवढ्यात काम होतं. थर्मामीटर टाळावासा वाटेल, टाळू नका; का ते पुढे येईल. मोबाइलने फोटो जरूर काढा, पण फोटोवर विसंबून वही कोरी ठेवलीत तर महिन्याभराने कोणता फोटो कोणत्या फांदीचा याचा पत्ता लागत नाही.

फूल फोडून बघा

बटर फ्रूटचं फूल करंगळीच्या नखाएवढं, पिवळट हिरवं. पाकळ्या आणि निदलं अशी वेगळी नसतात, सारखीच सहा परिदलं असतात, तीन बाहेर आणि तीन आत. त्यांच्या आत नऊ पुंकेसर: सहा बाहेरच्या फेरीत, तीन आतल्या. आतल्या तिघांच्या बुडाशी प्रत्येकी दोन शेंदरी-पिवळट ग्रंथी दिसतात, त्या मकरंदाच्या. त्याहून आत तीन वांझ पुंकेसर, तेही मकरंद देतात. मधोमध एकच बीजांडकोश आणि त्यात एकच बीजांड. फळात एकच थोरली बी का असते, त्याचं उत्तर इथेच आहे.

भिंगाखाली परागकोश पाहिलात तर या कुळाची खूण सापडेल. बहुतेक फुलांचे परागकोश उभी चीर पडून फुटतात. इथे प्रत्येक परागकोशाला चार झडपा असतात आणि त्या खालून वर उचलल्या जातात. झडपेला पराग चिकटून राहतो आणि मधमाशीच्या अंगाला लागतो. झडपा मिटलेल्या की उचललेल्या, यावरच पुढचं सगळं उभं आहे. म्हणून डोळ्यांना ती सवय लागेपर्यंत पन्नास-साठ फुलं नुसती बघत राहा.

पिसा किंवा मैदा लकडीचं फूल फोडलंत तर चित्र वेगळं दिसेल. फुलं बारीक झुबक्यांत येतात. नर झाडाच्या फुलात भरदार पुंकेसर आणि मधलं स्त्रीकेसर नावापुरतं. मादी झाडाच्या फुलात टपोरा बीजांडकोश आणि पुंकेसर वाळक्या काड्यांसारखे, परागाविना. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवरची वीसेक फुलं फोडा. सगळी एकाच तऱ्हेची निघाली तर झाड एकलिंगी. मग पुढचा पहारा सोडून थेट शेवटच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

फुलात दोन्ही अंगं धडधाकट दिसली तर मात्र पहाऱ्याला बसावं लागेल.

दोन दिवसांचा पहारा

बटर फ्रूटचं प्रत्येक फूल दोनदा उघडतं. पहिल्यांदा मादी म्हणून: पांढरी, ओलसर, चकचकीत कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्रीकेसराचं टोक, मधोमध उभी असते, पुंकेसर बाहेर कललेले आणि झडपा बंद. दोन-तीन तासांनी फूल मिटतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडतं, या वेळी नर म्हणून. आतले तीन पुंकेसर कुक्षीला खेटून उभे राहतात, झडपा उचलल्या जातात, फूलही कालच्यापेक्षा जरा मोठं दिसतं. कोरड्या हवेत कुक्षी एव्हाना तपकिरी पडलेली असते. मग फूल मिटतं ते कायमचं.

गंमत अशी की एका झाडावरची त्या दिवसाची सगळी फुलं जवळजवळ एकाच वेळी उघडतात. काही जातींत फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. उरलेल्या जातींत ते पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. शास्त्रीय लिखाणात यांना ए आणि बी प्रकार म्हणतात. मराठीत 'बी प्रकार' म्हटलं की ऐकणारा बियांचा विचार करू लागतो, म्हणून मी 'सकाळवाली' आणि 'दुपारवाली' म्हणतो. मादी कधी होते त्यावरून. ही तऱ्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत नोंदली गेली, १९२२ साली बी. एस. निरोडी यांच्या आणि १९२३ साली ए. बी. स्टाउट यांच्या लेखांत.

आता प्रत्यक्ष काम. झाड ऐन मोहरात असताना सलग दोन दिवस निवडा, तीन मिळाले तर उत्तम. आकाश मोकळं हवं. झाडाच्या चारही अंगांना मिळून दहा तुरे निवडा आणि नंबर लावा. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला एक फेरी. प्रत्येक तुऱ्यावर किती फुलं मादी, किती नर आणि किती अर्धवट उघडलेली, हे आकडे वहीत. फेरीला वीस मिनिटं लागतात, उरलेल्या वेळात चहा.

एवढ्याने झाडाची वेळ कळते, पण फुलाची खात्री होत नाही. त्यासाठी पहिल्या दिवशी मादी असलेल्या वीस फुलांच्या देठांना लाल लोकर सैल बांधा. दुसऱ्या दिवशी नेमकी तीच फुलं कधी नर होऊन उघडतात ते बघा. सकाळी लोकर बांधलेलं फूल दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर झाड सकाळवालं. दुपारी बांधलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर दुपारवालं. लोकरीचं काम किचकट आहे, हात थरथरतात, तीन-चार फुलं तुटतात. तरी करा. नुसत्या मोजणीत आजची मादी आणि कालच्या मादीचा नर यांची सरमिसळ होते.

पहिल्यांदा बसणारा हमखास एक चूक करतो: सकाळी दहाला एक चक्कर आणि जेवून चारला एक चक्कर. सकाळी फुलं उघडी, दुपारीही उघडी. निष्कर्ष काय, तर फूल दिवसभर उघडं असतं. मधल्या वेळी फुलं मिटली होती आणि चारला उघडलेली फुलं दुसरीच होती, हे निसटतं.

थंडी घड्याळ बिघडवते

माझा पहिला पहारा फुकट गेला तो थंडीमुळे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या पेपरात येतात, आमच्याकडे तेवढं नसलं तरी पहाटे शेकोटी लागतेच. झाडावर सूर्य मावळेपर्यंत मादी फूल सापडलंच नाही. सकाळी नर फुलं दिसली, तीही उशिरा आणि थोडी. मी वहीत लिहून टाकलं, "या झाडाला मादी अवस्थाच नाही." आबांचं म्हणणं शास्त्रीय भाषेत!

दिवसा २५ आणि रात्री २० अंशांच्या आसपास तापमान असेल तर हे घड्याळ नीट चालतं. थंडी वाढली की सगळं उशिरा होतं. सकाळवाल्या झाडाची फुलं दुपारी मादी होतात. दुपारवाल्याची संध्याकाळी, कधी रात्री, आणि फार गारठा असेल तर मादीची पाळी सोडून फूल थेट नर म्हणूनच उघडतं. दुपारवाल्या जाती थंडीला अधिक हळव्या असतात. म्हणून थर्मामीटर. रात्रीचा पारा पंधराच्या खाली जात असेल तर झाडाच्या प्रकाराबद्दल निकाल देऊ नका. मार्चमध्ये पुन्हा बसा. बटर फ्रूटचा मोहर बरेच आठवडे चालतो, दुसरी संधी मिळते.

मात्र हाच बिघाड कधी कधी फायद्याचा ठरतो. ढगाळ, गार दिवशी वेळा सरकल्या की एकाच झाडावर थोडा वेळ नर आणि मादी फुलं सोबत उघडी राहतात. एकट्या झाडाला एखाद्या वर्षी अचानक वीस फळं येतात आणि पुढच्या वर्षी काहीच नाही, त्यामागे बऱ्याचदा असा एखादा ढगाळ आठवडा असतो. दमट हवेत कुक्षी दुसऱ्या दिवशीही पांढरी राहते, तेव्हा फुलाचा पराग त्याच फुलालाही चालून जातो. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चची हवा खडखडीत, त्यामुळे तो आधार कमी.

मार्चमधल्या पहाऱ्यात आमच्या झाडाने कबुली दिली. दुपारी दोनला मादी, पाचच्या आत बंद. दुसऱ्या दिवशी साडेआठ ते बाराच्या दरम्यान नर. स्वच्छ दुपारवालं.

घड्याळाने नर्सरीही तपासता येते

त्याआधीच्या वर्षी जोडीला झाड हवं म्हणून मी एका नर्सरीतून 'हास' म्हणून चांगलं मोठं कलम आणलं होतं. ते दुसऱ्या वर्षी मोहरलं, लोकर बांधली, आणि तेही दुपारवालं निघालं.

हास ही सकाळवाली जात आहे. कॅलिफोर्नियात टपाल खात्यात काम करणाऱ्या रुडॉल्फ हास यांच्या बागेत बीपासून उगवलेलं एक झाड, ज्याचं पेटंट त्यांनी १९३५ साली घेतलं. जगातलं प्रत्येक हास हे त्या एकाच झाडाचं कलमावर कलम आहे. त्यामुळे उबदार दिवसांत ते दुपारी मादी होत असेल तर ते हास नाही, मग पावतीवर काहीही लिहिलेलं असो. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही: सकाळी मादी होतं म्हणजे हासच, असं म्हणता येत नाही. पिंकर्टन, रीड, लॅम्ब हास याही सकाळवाल्याच. फ्युर्ते, बेकन, झुटानो आणि एटिंगर दुपारवाल्या. बीपासून वाढलेलं झाड कोणतंही निघू शकतं, ते फुलल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे माझ्याकडे आता एका घड्याळाची दोन झाडं होती. पैसे गेले.

पिशव्या बांधून खात्री

जोडीदार आणायच्या आधी एक प्रयोग करून घ्यावा, कारण फळ न धरण्याला दुसरी कारणंही असतात: माश्याच येत नाहीत, झाडाच्या मुळ्या कुजताहेत, पाण्याचा ताण पडतोय. आमच्या लाल मातीच्या उतारावर पाणी साचत नाही, पण कृष्णाकाठच्या काळ्या रानात बटर फ्रूटची मुळं पावसाळ्यात फायटोप्थोरा बुरशीने कुजतात आणि असं झाड मरायच्या आधी भरमसाठ मोहरतं. त्याला घड्याळाचा इलाज नाही.

तुऱ्यांचे चार गट करा. पहिला गट उघडाच. दुसऱ्यावर मलमलीची पिशवी, हात न लावता. तिसऱ्यावर पिशवी आणि त्याच झाडाचा पराग हाताने. चौथ्यावर पिशवी आणि दुसऱ्या प्रकारच्या झाडाचा पराग. पिशवीत तारेचं कडं घाला, नाही तर कापड फुलांना घासतं. पिशवी चढवण्याआधी तुऱ्यावरची उमललेली आणि मिटलेली जुनी फुलं खुडा, नुसत्या कळ्या ठेवा. मादीच्या वेळी पिशवी काढा, ताजं नर फूल चिमटीत धरून त्याच्या उचललेल्या झडपा कुक्षीला टेकवा, देठाला लोकर बांधा, पिशवी परत. ब्रशपेक्षा अख्खं फूल वापरणं मला सोपं गेलं.

दुसऱ्या प्रकारचा पराग आणायला फार लांब जाऊ नका. सकाळवालं झाड दुपारी नर असतं, त्याच वेळी दुपारवालं मादी असतं, म्हणजे हाताशी दीड-दोन तास. कोयनानगरच्या अलीकडे एका मित्राकडे सकाळवालं झाड होतं. तिथून दीडला मोहराची फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि तीनला आमच्या झाडाखाली होतो. तिसऱ्या गटाची अडचण तुमच्या लक्षात आली असेल: झाड मादी असताना त्याच्यावर नर फूल मिळत नाही. सकाळी झडपा उघडल्या की फुलं खुडून सावलीत डबीत ठेवा आणि दुपारी वापरा.

किती फुलं धरायची? पूर्ण वाढलेल्या बटर फ्रूटला एका हंगामात दहा लाखांच्या घरात फुलं येऊ शकतात आणि त्यातली हजारात एकसुद्धा फळापर्यंत पोचत नाहीत. हजारात एक असा हिशेब धरला तर मोकळ्या सोडलेल्या हजार फुलांतून एकही फळ न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. तीन हजार धरली तर ती ५ टक्क्यांवर येते. तेव्हा "मी शंभर फुलं बघितली, एकही धरलं नाही" याला काही अर्थ नाही. म्हणून पिकलेलं फळ मोजू नका, तीन आठवड्यांनी वाटाण्याएवढी फळं मोजा, आणि मग दोन महिन्यांनी पुन्हा. दोन मोजण्यांमधली तफावत हीच खरी बातमी असते. बटर फ्रूटला स्वतःचा पराग चालतच नाही असं नाही, बारीक फळ धरतं. पण स्वतःच्या परागाची फळं जास्त गळतात आणि परक्या परागाची जास्त टिकतात, हे इस्रायलमधल्या कामांत दिसलं आहे. आमच्या झाडावरही बारीक फळं दोन्ही गटांत होती. वैशाखात टिकलेली चौथ्या गटातच.

जोडीदार

नवी लागवड करणाऱ्याने सकाळवाली मुख्य जात घेऊन प्रत्येक तिसऱ्या ओळीत प्रत्येक तिसरं झाड दुपारवालं लावावं. नवात एक पडतं. दोन्हींचा मोहर एका महिन्यात यायला हवा, नुसता प्रकार वेगळा असून भागत नाही. एकाचा जानेवारीत आणि दुसऱ्याचा मार्चअखेर असेल तर घड्याळं जुळूनही भेट नाही. म्हणून नर्सरीवाल्याला जातीचं नाव विचारता तसं मातृवृक्ष कधी मोहरतो तेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर समजा की त्यांनी बघितलेलं नाही.

परसात एक-दोनच झाडं असतील तर नवं झाड लावून पाच वर्षं थांबण्यापेक्षा आहे त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या प्रकारचं पाचर कलम करा. फांदी अंगठ्याएवढी, उजेडाच्या बाजूची. कलमकाडी अशा झाडाची घ्या ज्याचं घड्याळ तुम्ही स्वतः पाहिलंय. मित्राच्या झाडाची काडी मी दक्षिणेच्या फांदीवर बांधली. तिसऱ्या हंगामात ती मोहरली, आणि त्या वर्षी आबांच्या घरी पाटीभर फळं गेली. आबांना चव आवडली नाही. "गूळ घालून बी गोड लागंना," म्हणाले. ते वेगळं प्रकरण.

आणि माश्या. सातेरी, फुलोरी, पोया, आग्या या मधमाश्या, आणि बऱ्याच जातींच्या साध्या माश्या या मोहरावर येतात. पण बटर फ्रूटचा मोहर मधमाशीच्या पहिल्या आवडीचा नव्हे. शेजारी आंबा किंवा मोहरी फुललेली असेल तर ती तिकडे जाते. मोठ्या बागेला एकरी दोन-तीन पेट्या ठेवायची शिफारस असते, आणि थोडा मोहर उमलल्यावर पेट्या आणाव्यात, आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलांच्या नादी लागतात. महाबळेश्वर तालुक्यात सातेरी पाळणारे पुष्कळ आहेत. मांघर तर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेटी विकत घेण्याआधी तिकडच्या एखाद्या मधपाळाशी बोला. मोहरात कीटकनाशक मारायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी मारतंच.

दालचिनीचं घड्याळ कुणी बघत का नाही

दालचिनीतही हीच विभागणी आहे, सकाळवाली झाडं आणि दुपारवाली झाडं. पण दालचिनी लावणारा फूल बघत नाही, कारण सालीसाठी खोड दर दीड-दोन वर्षांनी तोडलं जातं आणि फुटवे फुलायच्या वयाला येतच नाहीत. प्रश्न येतो रोपं बीपासून करताना. बियांसाठी दोन-चार झाडं न तोडता वाढू द्या आणि मोहरात वरच्यासारखाच पहारा करून दोन्ही प्रकारची झाडं जवळजवळ राखा. फुलं बटर फ्रूटपेक्षा बरीच लहान, भिंगाशिवाय जमणार नाही. काळी-जांभळी पिकलेली फळं पक्ष्यांच्या आधी गोळा करा, गर धुवा आणि आठवड्याच्या आत पेरा. हे बी वाळवून ठेवलं की मरतं. आपल्या डोंगरातल्या, याच कुळातल्या गुळंबाच्या फुलातही दोन्ही अंगं असतात. हिवाळा सरताना तो मोहरतो, त्याच्याखाली बसून बघण्यासारखं आहे. मात्र अगरबत्तीच्या जिगटासाठी, म्हणजे चिकट भुकटीसाठी, साल ओरबाडलेला गुळंब नीट फुलत नाही. असं झाड मोजणीत धरू नका.

पिसा आणि मैदा लकडी: इथे प्रश्न वेळेचा नाही, संख्येचा

महाबळेश्वरच्या पठारावरच्या जंगलाचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ तीन झाडांच्या नावांनी करतात: अंजनी, जांभूळ, पिसा. फांदीच्या टोकाला झुबक्याने आलेली, खालून पांढुरकी पानं दिसली की पिसा ओळखावा. (गावात "पिशाच्या झाडाखाली बसलो होतो" असं सांगितलंत तर ऐकणारा दचकतो. अनुभव आहे.) पाऊस ओसरल्यापासून हिवाळ्यापर्यंत त्याची फुलं मिळतात. मैदा लकडी उन्हाळा संपताना, पावसाच्या तोंडावर फुलते. दोन्हींत नर झाड वेगळं, मादी वेगळं.

देवराई वाढवणारी मंडळी हल्ली या झाडांची रोपं लावतात ही चांगली गोष्ट, पण एका ठिकाणी दोन रोपं लावून पुढे जातात. नर-मादी निम्मे-निम्मे धरले तर दोन्ही रोपं एकाच लिंगाची निघण्याची शक्यता ५० टक्के आहे. पाच लावली तर सोळात एक. आठ लावली तर एकशे अठ्ठावीसात एक. पानांवरून, सालीवरून नर-मादी कळत नाही, म्हणून रोपवाटिकेत निवड करता येत नाही. आठ रोपं एका गटात लावणं हाच मार्ग. यांच्या फुलांवर बारीक माश्या आणि छोटे कीटक येतात, ते फार लांब जातील या भरवशावर राहू नका. गट एकाच डोळ्याच्या टप्प्यात असू द्या.

जुन्या देवराईत पाहणी करायची असेल तर आधी गावाची परवानगी, आणि कोयना अभयारण्य किंवा चांदोलीच्या हद्दीत असाल तर वनखात्याची. फांदी मोडायची गरज नाही, खाली पडलेली फुलं पुरतात, पण ती नक्की कोणत्या झाडाची हे वर बघून ठरवा. प्रत्येक झाडाला नंबर, आणि वहीत तीनच शब्द: नर, मादी, फुललं नाही. तिसरा शब्द महत्त्वाचा. एका हंगामात न फुललेलं झाड पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं, त्याला अंदाजाने नर म्हणायचं नाही. मादीला एक जादा पुरावा मिळतो: फळ गळून गेलं तरी ज्या वाटीत ते बसलेलं असतं ती वाटी काही काळ फांदीवर किंवा झाडाखाली सापडते. नर झाडाखाली वाट्या कधीच सापडत नाहीत, आणि नेमकं तेच झाड "याला फळ येत नाही" म्हणून सरपणाला जातं. पाहणीनंतर नर झाडांना चुन्याचा पट्टा मारायचं आमच्या गावाने ठरवलं, म्हणजे तोडणाऱ्याने निदान विचारावं.

बी मादी झाडाखालून गोळा करताना एकाच झाडाचं घेऊ नका. तीन-चार माद्यांचं थोडं थोडं घ्या. बुलबुल, तांबट आणि कबूतरं आधी पोचतात, तेव्हा फळ रंग पालटू लागलं की दोन दिवसाआड फेरी मारावी. गर लगेच काढून, बी सावलीत पुसून, ओलसर वाळूत बोटभर खोल. उन्हात पसरून वाळवायची सवय इथे मोडायची. रोप हातभर झालं की पुढच्या पावसाच्या सुरुवातीला आठच्या गटात, मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत लावा. पहिली दोन वर्षं भर उन्हात पिसा जळतो.